लाईट डीम असताना या चुका टाळा

संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो, पंखा रेंगाळतो, फ्रिज घुंघुं करतो पण चालू होत नाही. लाईट गेलेली नसते आणि धड आलेलीही नसते. ब्राऊनआउट म्हणतात तो हाच. लाईट पूर्ण गेली तर कामं अडतात. डीम लाईट मात्र यंत्रं जाळते, आणि त्यात आपल्या चुकीच्या समजुतींचा मोठा वाटा असतो.

“व्होल्टेज कमी, म्हणजे मोटरवर ताणही कमी”

कितीतरी मोटरी या समजुतीपायी जळतात. गीझरच्या बाबतीत ती खरी आहे: २३० व्होल्टला २००० वॉट घेणारा गीझर १८० व्होल्टला साधारण १२२५ वॉटच घेतो. पाणी उशिरा तापतं, एवढंच. मोटरचं तसं नाही. विहिरीतून तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, म्हणून व्होल्टेज उतरलं की ती जास्त अँपिअर ओढते. वायंडिंगची, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या गुंडाळीची, उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह सव्वापट झाला तर उष्णता दीडपटीच्याही वर जाते. उलट मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. तीन फेजच्या मोटरीला ४१५ ऐवजी ३३० व्होल्ट मिळाले तर सुरू होतानाचा जोर ६३ टक्क्यांवर येतो. मग मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही, आणि थोड्याच वेळात जळका वास येतो.

बटण दाबण्याआधी स्टार्टरवरचा व्होल्टमीटर बघा, तिन्ही फेजांमध्ये. साधी मोटर १० टक्क्यांपर्यंतची घट सोसते. काटा ३७५च्या खाली असेल तर थांबा. पाळीची लाईट रात्रीची, तीही मोजक्या तासांची आणि समोर पीक सुकतंय, अशा वेळी थांबणं किती अवघड असतं ते मला कळतं. पण जळलेली मोटर पुन्हा भरून घेण्यात (रिवाइंडिंगमध्ये) चार-पाच दिवस गेले तर पीक तेवढे दिवस कोरडंच राहतं.

याहून वाईट चूक म्हणजे स्टार्टर सारखा ट्रिप होतो म्हणून ओव्हरलोड रिलेची (जादा प्रवाह गेला की मोटर बंद करणाऱ्या भागाची) सेटिंग वाढवणं किंवा तो सरळ बायपास करणं. रिले बिघडलेला नसतो. तो मोटर वाचवत असतो.

ऑटो स्विच

लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून हा लावतात. अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत रानात जायला नको, हे कारण अगदी खरं आहे. पण एका डीपीवर, म्हणजे एका रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर), वीस ऑटो स्विच असले तर लाईट येताच वीस मोटरी एकाच क्षणी उठतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. व्होल्टेज कोसळतं, एकही मोटर धड उठत नाही, फ्यूज उडतो, कधी रोहित्रच जळतं. १०० केव्हीएचं रोहित्र पाच एचपीच्या साधारण सतराच मोटरी पेलतं. तारेवर आकडे टाकून चोरून चालणाऱ्या मोटरी या हिशेबात कुणीच धरत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी बसून पाळ्या ठरवल्या आणि प्रत्येकाने कपॅसिटर बसवला (पाच एचपीला २ केव्हीएआर), तर नवं रोहित्र येण्याआधीच फरक दिसतो. कपॅसिटर नसलेली मोटर तारेतून विनाकारण जादा प्रवाह खेळवते, आणि लांबलचक तारेत त्याचीच किंमत व्होल्टेजमध्ये मोजावी लागते.

फेज बदलणं

आपल्या फेजला लाईट डीम आहे म्हणून कुणीतरी डीपीजवळ जाऊन जोडणी चांगल्या फेजवर घेतो. दुसरा बघतो, तोही घेतो. आठवड्यात तो फेजही डीम होतो. हे काम वायरमनचं आहे. डीपीच्या पेटीत हात घालून माणसं मेली आहेत.

न्यूट्रल ढिली असणं ओळखता न येणं

काही घरांत बल्ब मंद आणि काहींत भगभगीत असेल, किंवा मिक्सर लावताच घरातला एखादा बल्ब उजळत असेल, तर तो ब्राऊनआउट नाही. न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी तार, ढिली किंवा तुटलेली असू शकते. तेव्हा एखाद्या घरात ३०० व्होल्टच्या वर दाब जाऊ शकतो. थांबू नका, मेन स्विच बंद करा आणि शेजाऱ्यांनाही सांगा.

स्टॅबिलायझर लावला, प्रश्न मिटला?

तुमचा फ्रिज वाचतो, म्हणून जरूर लावा. पण स्टॅबिलायझर व्होल्टेज चढवतो तो तारेतून जास्त प्रवाह ओढूनच, त्यामुळे शेजाऱ्याची लाईट आणखी उतरते. हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर २३ जुलै १९८७ला टोकियोत झाला. उन्हाळ्याची दुपार, झपाट्याने वाढणारा भार, आणि व्होल्टेज उतरलं तरी वीज तेवढीच घेण्यासाठी प्रवाह वाढवणारे एसी. व्होल्टेज घसरतच गेलं आणि लाखो घरं अंधारात गेली.

“वरूनच कमी येते”

रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाईन ३१ डिसेंबर २०१३ला जोडली गेल्यापासून देशभरची ग्रीड एकाच फ्रीक्वेन्सीवर चालते. व्होल्टेज मात्र गल्लीगल्लीत वेगळं असतं. त्यामुळे आधी मोजा. घरातली सगळी उपकरणं बंद करूनही व्होल्टेज कमी दिसलं तर दोष बाहेर आहे. गीझर लावताच तुमचंच उतरतं आणि शेजाऱ्याचं उतरत नाही, तर तुमची सर्व्हिस वायर किंवा तिचा सांधा तपासून घ्या.

तक्रार करताना “लाईट डीम आहे” एवढंच सांगू नका. घरगुती जोडणीला ६ टक्के कमी-जास्तची मुभा धरली तर २१६ ते २४४ व्होल्ट मिळायला हवेत. आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला मोजून तारीखवार वहीत लिहा, आणि त्याच डीपीवरच्या चार-पाच घरांचे आकडेही जोडा. मग १९१२वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि त्या आकड्यांसह लेखी अर्ज उपविभागात देऊन पोच घ्या.