गोल्डफिशच्या अंगावरचा दोरा: माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात तळ्यातली पाणवनस्पती न धुता टाकीत सोडली. काही आठवड्यांनी मोठा गोल्डफिश दगडाला अंग घासू लागला. टॉर्च मारून पाहिलं तर पाठीवरच्या पराच्या मुळाशी पांढरट हिरवा दोरा लोंबत होता, टोकाला दोन बारीक पिशव्या. भोवतीची कातडी लालभडक. जीव कळवळला.

दुकानात बुरशीचं औषध दिलं, काही फरक पडला नाही. ती बुरशी नव्हतीच. तो अँकर वर्म, म्हणजे लर्निया. नाव किड्याचं, पण जात खेकडा-कोळंबीची. मादी डोकं मांसात नांगरासारखं रुतवते. त्या पिशव्या तिच्या अंड्यांच्या.

मासा ओल्या फडक्यात धरला, चिमट्याने दोरा अगदी मुळाशी पकडून हळूच सरळ ओढला. मधूनच धरला तर तुटतो आणि डोकं आतच राहतं. जखमेवर कापसाने पोव्हिडोन आयोडीन टेकवलं, कल्ल्यांना लागू न देता. हे सगळं मिनिटभरात उरकायचं.

पण खरी लढाई पाण्यातल्या लर्नियाच्या पिल्लांशी. ती डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून चिमट्यावर थांबू नका. डायफ्लूबेन्झुरॉन असलेलं औषध पाकिटावरच्या मात्रेने दर आठवड्याला, असं तीनदा दिलं. त्याने पिल्लांना कात टाकता येत नाही. टाकीत शोभेची कोळंबी असेल तर आधी हलवा, तीही मरते.

चौथ्या आठवड्यात जखम भरली, नवा दोरा दिसला नाही. आता नवी वनस्पती महिनाभर वेगळ्या, मासे नसलेल्या बादलीत ठेवते.