नोकरी-संसार सांभाळून डिग्री करणाऱ्यांना शिकवताना काय करायचं

रविवारच्या वर्गात पस्तीस-चाळिशीतली माणसं समोर बसली की नवीन शिक्षक एकतर त्यांना एफवायच्या पोरांसारखं झापतो, नाहीतर "या वयात शिकताय, कमाल आहे हं तुमची" करत बसतो. दोन्ही नको. त्यांचं डोकं व्यवस्थित चालतंय, फक्त अभ्यासाची सवय सुटलीय आणि वेळ नाहीये, तेवढ्यावरच आपल्याला काम करायचंय. आणि हो, सगळ्यांना अहो-जाहोच करायचं, वर्गात तुमच्यापेक्षा मोठे निघतात.

आधी वेळेचं बघा. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, कारण पोरांना नंतर कामावर जायचं असायचं, म्हणजे हा प्रश्न मुंबईला नवा नाही. पहिल्याच दिवशी विचारून घ्या कोण विरारहून येतंय, कोण पनवेलहून, कुणाची नाइट असते. त्यात रविवार म्हणजे लोकलचा मेगाब्लॉक, त्यामुळे अर्धा वर्ग उशिरा येणार हे धरूनच चाला आणि पहिली वीस मिनिटं नवीन काही सुरू करू नका. फळ्यावर मागच्या वेळचे तीन प्रश्न लिहा, वही न उघडता उत्तरं लिहायला सांगा. पुन्हा पुन्हा वाचलं की येतंय असं नुसतं वाटतं, आठवून लिहिलं तर खरंच लक्षात राहतं, आणि उशिरा आलेल्याचंही फार काही बुडत नाही.

आता खरी मजा, म्हणजे त्यांचा अनुभव. अकाउंट्स शिकवत असाल तर पुस्तकातली ती राम ट्रेडर्स बाजूला ठेवा आणि कुणाच्यातरी हाउसिंग सोसायटीचा वार्षिक हिशोब मागवा (मेंबरांची नावं झाकून). मार्चचं मेंटेनन्स एप्रिलमध्ये भरलं तर ते उत्पन्न कुठल्या वर्षाचं? सिंकिंग फंडाचे, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी बाजूला काढलेले पैसे बँकेत पडलेत, मग तो खर्च का नाही धरायचा? यावर वर्गात जी भांडणं होतात ना, त्यात अ‍ॅक्रुअल (पैसे हातात कधी आले ते नाही, ते कुठल्या वर्षाचे ते बघून नोंद करायची) आपोआप शिकून होतं, कारण यातले दोन-तीन जण कमिटीवर असतातच आणि कुणी बचत गटाचं रजिस्टर लिहीत असतं. पण अनुभव आडवाही येतो. टॅलीवर रोज एंट्र्या मारणारा म्हणतो "आमच्या ऑफिसात असंच करतात", तेव्हा चूक आहे म्हणून तोडून टाकू नका, "असं का करत असतील?" विचारा, दोन मिनिटांत तोच गडबडतो आणि मग ऐकतो. अमेरिकेतल्या माल्कम नोल्सनी प्रौढांच्या शिकण्यावर बरंच लिहिलंय, त्यातलं एक मला शंभर टक्के पटतं, की मोठ्या माणसाला हे कशाला शिकायचं ते आधी कळलं पाहिजे. पण प्रौढ माणूस आपलं आपण शिकायला तयार असतो वगैरे, ते सरसकट नाही हो, पंधरा वर्षांनी पेन धरणाऱ्याला सुरुवातीला बोट धरूनच न्यावं लागतं.

म्हणून लिहिण्याची प्रॅक्टिस वर्गातच घ्या. घरी जाऊन लिहा म्हटलं की झालं कल्याण, घरी गेल्यावर डबा, पोरांचा अभ्यास, सासूचं औषध. दर वेळी दहा मिनिटांत एक उत्तर, बस. परीक्षेत सलग लिहायला हात तयार व्हायला पाहिजे. मराठी मीडियमवाल्यांना आधी मराठीतच समजावा, संज्ञा तेवढ्या इंग्रजी ठेवा, आणि तुमच्या विषयाचा पेपर मराठीत लिहिता येतो का ते ऑफिसातून पक्कं करून सांगा, कित्येकांना विचारायलाच लाज वाटते.

वॉट्सअ‍ॅपवर वाकड्या स्कॅनची चाळीस पानी पीडीएफ टाकू नका, लोकलमध्ये उभ्याने कोण वाचणार, त्यापेक्षा पाच मिनिटांचा व्हॉइस नोट. तारखांसाठी वेगळा ग्रुप ठेवा, त्यात फक्त अ‍ॅडमिन पोस्ट करेल, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली परीक्षेचा फॉर्म गाडला जाऊ नये. मार्क कधीच ग्रुपवर नाही. टाइमटेबल आलं की लगेच टाका, शिफ्ट बदलून घ्यायला त्यांना वेळ लागतो, आणि साहेबाला दाखवायला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र मिळत असेल तर तेही मिळवून द्या.

दोन-तीन रविवार कुणी दिसलं नाही की फोन करा. "का येत नाही?" असं नाही विचारायचं, "कुठपर्यंत झालंय?" असं विचारा. अगदीच सोडायच्या बेतात असतील तर आधी क्रेडिटचं समजावून सांगा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका वर्षाला सर्टिफिकेट, दोन वर्षांना डिप्लोमा अशी बाहेर पडायची सोय आहे आणि मिळालेले क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे गुणांक, अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा राहतात, पण आपला कोर्स त्या नियमांत बसतो का ते ऑफिसातून विचारून मगच बोला, आणि त्यांचा या खात्याचा आयडी काढलेला नसेल तर तिथेच मोबाइलवर काढून द्या.