विश्वास पक्का करायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

पहिलं म्हणजे आपला विश्वास मोठा की छोटा हे मोजत बसू नका, येशूने मोहरीच्या दाण्याएवढाही पुरे म्हटलंय, मुद्दा तो कोणावर आहे हा. शंका आली म्हणून घाबरू पण नका. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायातला बाप आठवा, पोराला झटके येतायत आणि हा येशूला सरळ सांगतो, माझा विश्वास आहे पण माझा अविश्वास घालव. एकाच दमात दोन्ही! तरी येशू त्याला परत पाठवत नाही, पोरगा बरा होतो. मला तरी हीच सगळ्यात प्रामाणिक प्रार्थना वाटते.

मग रोज काय करायचं? सकाळी मोबाइल हातात घ्यायच्या आधी 10 मिनिटं बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्याने वाचा. 13वं घ्या, फक्त 6 वचनं. सुरुवातीला ते लिहिणारा दावीद राजा विचारतो देवा कुठवर मला विसरणार, आणि शेवटी तोच गातो, मधे परिस्थिती बदलली असं कुठेच लिहिलेलं नाही. तशीच तुमची तक्रार वहीत लिहा, तारीख टाकून, मी काही महिन्यांनी जुनी पानं उघडली तेव्हा कळलं की अर्ध्या गोष्टी निभावल्या पण गेल्या आणि मी विसरूनही गेले होते.

चर्चला जाणं सोडू नका, एकट्याने टिकणं अवघड जातं. आणि बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा 2रा अध्याय वाचा, उपाशी माणसाला नुसतं "खुशाल जा, पोटभर जेव" म्हणून काय उपयोग असं तो विचारतो. तर या आठवड्यात कोणाला तरी जेवण नेऊन द्या, आणि प्लीज, त्याचा फोटो स्टेटसला टाकू नका.