खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सिनेमा लावून लहानग्याचा वाढदिवस कसा करायचा (किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी)

सिनेमा थीमचा वाढदिवस कसा करायचा विचारलं की लोक फुगे, पात्रांची छापील तोरणं, केकवरचा फोटो असं सांगत सुटतात आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, "संध्याकाळी प्रोजेक्टरवर सिनेमा लावा". एवढंच. जणू काही पडदा भिंतीवर आपोआप उगवतो. मी आतापर्यंत असे सात वाढदिवस केलेत, चार माझ्या मुलांचे आणि तीन भाचरांचे. आमचं घर वेंगुर्ल्याकडे, समुद्र दिसत नाही पण गाज ऐकू येते, आणि खरं काम त्या एका ओळीतच असतं. फुगे कोणीही फुगवतं.

म्हणून सुरुवात उलटीकडून करा. आधी अंधार कधी पडतो ते बघा, मग पडदा, मग खेळ आणि खाणं.

सिनेमा निवडा, पण अख्खा नको

मूल तीन ते सहा वर्षांचं असेल तर त्याने आधी पाहिलेला, पुन्हा पुन्हा मागून घेतलेला सिनेमाच घ्या. नवीन सिनेमा वाढदिवसाला दाखवू नका, दहा पोरांत तीन घाबरतात आणि एक रडलं की सगळी रडतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा चाललेला म्हणजे २००३ चा फाइंडिंग निमो. समुद्राचा आहे, सजावट घरातच सापडते. पण तो १०० मिनिटांचा आहे आणि पाच वर्षांचं पोर बाहेर अंधारात, शेजारी मित्र बसलेला असताना, १०० मिनिटं बसत नाही. शिवाय पहिल्या काही मिनिटांतच मोठा मासा येऊन निमोची आई आणि एक सोडून सगळी अंडी खातो. आईच्या मांडीवर बसून घरी पाहताना ठीक आहे, वाढदिवसाला नको. मी निमोच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून लावते, पुढचा शार्कचा भाग सोडून थेट जेलीफिश आणि कासवांवर जाते, आणि मग बापलेक भेटतात तो शेवट. अर्ध्या-पाऊण तासात होतं. ज्यांनी पाहिलाय ती पोरं मधलं काय राहिलं ते एकमेकांना सांगत बसतात, ते तर अजून छान. कुठल्या मिनिटाला काय आहे ते आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा.

आणि सगळी पात्रं घरभर चिकटवू नका. सिनेमातली एक जागा उभी करा. मुलाला त्या जागेत शिरायचं असतं, छापील निमोकडे ते दोन मिनिटं बघतं आणि निघून जातं.

वेळ

डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या. मावळल्यावर निदान अर्धा तास तरी चित्र फिकट दिसतं, स्वस्तातला प्रोजेक्टर असेल तर पाऊण तास. म्हणजे डिसेंबरात पावणेसातला सिनेमा आणि साडेसातला पोरं मोकळी, मे महिन्यात मात्र सुरूच पावणेआठला होतो. चाकरमानी आले आहेत म्हणून मे महिन्यात करायचं असेल तर पोरांना दुपारी झोपवा आणि जेवण सिनेमाच्या आधी उरका. जून ते सप्टेंबर बाहेरचा विचारच नको, पडवीत किंवा माजघरात करा आणि पुढचा वाऱ्याचा भाग सोडून द्या.

पडदा आणि वारा

इथे सावकाश वाचा.

पहिल्या वर्षी मी काय केलं होतं, डबलबेडची पांढरी चादर घेतली, एका बाजूला माड आणि दुसऱ्या बाजूला मांडवाचा खांब, चारी टोकं सुंभाने ताणून बांधली, आणि हे सगळं दुपारी साडेचारला, म्हणजे पाहुणे यायच्या आधी तयार. दिसायला सुंदर. साडेपाचला वारा भरला आणि ती चादर राहिली नाही, शीड झालं. आधी फुगली, मग मांडवाचा खांब हलायला लागला आणि बघता बघता खांब उपटून वरचा बांबू खाली आला, जिथे अर्ध्या तासाने पोरं बसायची होती तिथेच. कोणाला लागलं नाही. पण तो बांबू पडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे आणि म्हणूनच कोणी "चार कोपरे घट्ट बांधा" असं लिहिलं की मला राग येतो. घट्ट बांधणं हीच चूक आहे. शेजारचे काका आयुष्यभर होडीवर गेलेले, ते गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, बघत होते, त्यांनी एवढंच सांगितलं, "वारो पडांदे, मगे बांध."

त्यांचं म्हणणं समजून घ्या. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, ते खारे वारे. दुपारी ते जोरात असतात आणि नेमके पार्टीच्या तयारीच्या वेळेला वाहतात. ऊन उतरलं की जमीन निवते, वारा हळूहळू पडतो, आणि रात्री उशिरा उलटा म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुरू होतो. मधला जो थांबलेला वेळ असतो, झाडाचं पान हलत नाही आणि आपल्याला उकडतं, तो आपल्या सिनेमाचा वेळ. थंडीच्या दिवसांत हा वेळ अगदी नीट मिळतो. मे महिन्यात वारा उशिरापर्यंत राहतो, तेव्हा जास्त सांभाळा.

आता माझी पद्धत. सात वाढदिवसांत घासून पक्की झालेली आहे त्यामुळे यात बदल करू नका असं मी सांगेन.

पडदा मोकळ्या जागी बांधायचाच नाही. घराच्या पूर्वेकडच्या भिंतीला लावायचा, म्हणजे समुद्राकडून येणारा वारा घर अडवतं आणि पडद्याच्या मागे हवा शिरायला जागाच राहत नाही. पूर्वेची भिंत गिलावा केलेली आणि चुन्याने रंगवलेली असेल तर पडदा कशाला हवा, भिंतीवरच लावा, त्याच्यासारखं चित्र नाही. आमची भिंत उघड्या चिऱ्याची म्हणजे जांभ्या दगडाची, भोकाभोकांची, म्हणून कापड लागतं.

कापड म्हणजे चादर नको, चादर पातळ असते आणि उजेड आरपार जातो. दुकानातून पांढरं मांजरपाट आणा, दुहेरी करा, आणि शिंप्याकडून वर आणि खाली नेफा शिवून घ्या, परकराला असतो तसा पण चार बोटं रुंद. वरच्या नेफ्यात बांबू. खालच्या नेफ्यात एक इंची प्लास्टिकचा पाईप, आठ फुटांचा, त्यात सुकी वाळू भरायची आणि दोन्ही तोंडं चिंध्या कोंबून बंद करायची. दोनेक किलो वजन होतं आणि ते पडद्याच्या पूर्ण रुंदीवर सारखं पसरतं, त्याने कापड सुरकुत्या न पडता लोंबतं. दगड लटकवले तर कोपरे ओढले जातात आणि मधे पोट सुटतं, ते करू नका.

खालची दोन टोकं एकेका चिऱ्याला बांधायची, पण थेट दोरीने नाही, मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा घालायचा. वाऱ्याची झुळूक आली की ट्यूब ताणते, पडदा जरा सरकतो आणि परत जागेवर येतो. दोरी असेल तर तोच हिसका सगळा वरच्या बांबूवर जातो. हा तुकडा माझ्या सगळ्या खटपटीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. पडद्याला वारा जायला भोकं पाडा असंही सांगतात. वारा जात नाही, निमोच्या तोंडावर भोक मात्र दिसतं.

बांबू दुपारी टांगून ठेवा पण पडदा वर गुंडाळून, चटईसारखा, तीन ठिकाणी सुतळीने बांधून. वारा पडला की सुतळ्या सोडा. एक मिनिटाचं काम आहे, आणि पोरांसमोर पडदा उलगडतो तेव्हा ती आरडाओरडा करतात तो वेगळाच.

वारा पडलाच नाही तर? तर पडवीत. तेवढी जागा आधीच रिकामी ठेवा आणि हट्ट करू नका.

प्रोजेक्टर

भाड्याने मिळतो, विकत घ्यायची गरज नाही. सहा फूट रुंद चित्राला छोटा प्रोजेक्टर साधारण आठ-नऊ फुटांवर ठेवावा लागतो, पोरं त्याच्या पुढे खाली बसतील अशा उंचीवर, म्हणजे टेबलावर. स्पीकर प्रोजेक्टरजवळ नको, पडद्याखाली ठेवा. वायर भिंतीच्या कडेने न्या आणि एक्स्टेंशन बोर्ड स्टुलावर ठेवा, जमिनीवर नाही, डिसेंबरात दव पडून खळं ओलं होतं. त्याच दवासाठी प्रोजेक्टरवर मांडवाचं छप्पर हवं.

आणि एक इशारा. फोनच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेला सिनेमा केबलने प्रोजेक्टरला जोडला की बऱ्याचदा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. कॉपी होऊ नये म्हणून ॲपवाले तसं कुलूप घालतात, आपला दोष नसतो, पण दहा पोरं बसलेली असताना ते कळून उपयोग नाही. आदल्या रात्री त्याच फोनने, त्याच केबलने, त्याच प्रोजेक्टरवर पाच मिनिटं लावून बघा. डीव्हीडी असेल तर सगळ्यात निवांत. लाइट जाणार हे धरूनच चाला, लॅपटॉप पूर्ण चार्ज, प्रोजेक्टरसाठी कोणाचा इन्व्हर्टर मिळतो का बघा, नाहीतर गेलेल्या वेळेत काय खेळायचं ते ठरवून ठेवा.

सजावट

क्रेप पेपर आणू नका, खाऱ्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत मलूल होतो आणि रंग भिंतीला लागतो. सेलोटेपही धरत नाही, सुतळी आणि कपड्यांचे चिमटे वापरा.

प्रत्येक घरात मोडक्या छत्र्या असतात. त्या पडवीच्या वाशांना उघडून टांगा, कडेने जुन्या पांढऱ्या-गुलाबी साडीच्या पट्ट्या सोडा, झाले जेलीफिश. पोरांनी पट्टीला हात न लावता खालून पलीकडे जायचं, हाच खेळ, याच्यात अर्धा तास जातो.

जुनं जाळं रापणकरांकडे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्यांकडे, मागितलं की देतात. पण घरात आणण्याआधी त्याच्या शिशाच्या गोळ्या एकूण एक काढून टाका, शिसं विषारी असतं आणि लहान पोरं सगळं तोंडात घालतात. गळ अडकलेत का बघा, साबणाच्या पाण्यात भिजवा, तीन दिवस ऊन दाखवा नाहीतर वास जात नाही, आणि पोरांच्या हाताला लागणार नाही एवढं उंच लावा. नायलॉनजवळ मेणबत्ती अजिबात नको. माडाच्या झावळ्या, पोफळीच्या विऱ्या, शिंपल्या, बास. शिंपल्या रिकाम्या बघून घ्या, आणि पोवळ्याचा तुकडा सापडला तरी उचलू नका, पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मालवणच्या समुद्राचा काही भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

फुगे हवेच असतील तर सावलीत लावा आणि फुटलेले तुकडे लगेच उचला, लहान पोराच्या घशात अडकतात.

खेळ

जेलीफिश झाला. दुसरा कासवांचा. इथल्या पोरांना कासव नवीन नाही, जवळच्या वायंगणीच्या किनाऱ्यावर पिल्लं समुद्रात सोडताना बऱ्याच जणांनी पाहिलेली असतात. खळ्यात निळी साडी अंथरायची, पोरांनी रांगत तिथपर्यंत जायचं, पण शर्यत लावू नका, सगळी पोचली की सगळ्यांनी टाळ्या. निमोचा एक पंख लहान असतो, म्हणून प्रत्येकाला पुठ्ठ्याचा एक छोटा पंख हाताला बांधून द्या. आमच्या वाडीतल्या एका मुलाच्या हाताला जन्मतःच वेगळेपण आहे, त्या दिवशी तो सगळ्यात पुढे होता आणि इतरांना पंख कसा हलवायचा ते दाखवत होता. मी तेव्हापासून हा पंख कधीच वगळत नाही.

खाणं

क्रीमचा केक नको, वितळतो. मे असेल तर बरक्या फणसाचं सांदण थराथराने लावून त्यावर मेणबत्ती, इतर वेळी रव्याचा केक. कोकम सरबत. पॉपकॉर्न सिनेमा सुरू होताना कढईतून थेट कागदी पुड्यांत, आधी केले की सादळतात. ताटल्या केळीच्या पानाच्या नाहीतर घरातल्या स्टीलच्या, थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे. पोरं मासे खाणारी असतील तरी त्या दिवशी मेन्यूत मासे ठेवू नका. माझ्या धाकटीने सिनेमा संपल्यावर ताटातल्या सुरमईकडे बघून "ही कोणाची आई?" असं विचारलं होतं आणि मला उत्तर देता आलं नाही. आता त्या दिवशी उसळ आणि आंबोळ्या.

दुसऱ्या दिवशी

पडदा तसाच घडी करून ठेवू नका. गोड्या पाण्यात दोनदा बुचकळून मीठ काढा, कडकडीत वाळवा, पाईपातली वाळू ओतून टाका, आणि ट्यूबचे दोन तुकडे नेफ्यातच घालून ठेवा म्हणजे पुढच्या वर्षी शोधत बसावं लागत नाही.