दाव्याला बळ देणारा पुरावा कसा ओळखावा: जीमॅटच्या तयारीतला अनुभव

जीमॅट ही एमबीएसारख्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा. तिच्या व्हर्बल, म्हणजे भाषेच्या, विभागात 45 मिनिटांत 23 प्रश्न सोडवायचे असतात. उताऱ्यांवरचे प्रश्न मला जमायचे, गाडी अडायची ती क्रिटिकल रीझनिंगला, म्हणजे छोटा युक्तिवाद देऊन तो तपासायला लावणाऱ्या प्रश्नांना. त्यातही 'खालीलपैकी कोणतं विधान या युक्तिवादाला सर्वांत जास्त बळ देतं?' या प्रकारात. मला हा प्रकार ज्या एका प्रश्नामुळं उमगला, तोच सांगते.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत सराव करत होते. प्रश्न असा: एका शहराचा रस्तेदुरुस्तीचा खर्च सलग पाच वर्षं अंदाजपत्रकातल्या तरतुदीच्या वर गेलाय, म्हणजे अंदाज बांधायची पद्धतच सदोष आहे. पर्यायांत एक विधान होतं, 'यांपैकी दोन वर्षी अनपेक्षित पूर आला आणि रस्ते वाहून गेले.' मी लगेच त्यावर खूण केली. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं 55 फूट ओलांडले होते. तिथली धोक्याची पातळी 43 फूट. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. पाणी ओसरल्यावर रस्त्यांची काय दशा होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळं ते विधान मनाला पटलं, आणि पटलं म्हणून बरोबर वाटलं.

उत्तर चुकलं. रात्री जेवताना बाबांना प्रश्न वाचून दाखवला. बाबा दुकान चालवतात, घरफाळ्याचं बिल ओळ न् ओळ तपासतात. ते म्हणाले, "अगं, पुरानं खर्च वाढला असंल तर अंदाज करणाऱ्याची काय चूक? पूर नव्हता त्या सालांचं काय झालं ते सांग की."

बरोबर पर्याय नेमका तोच होता: 'पूर न आलेल्या तिन्ही वर्षीही खर्च जवळपास तितकाच जास्त झाला.' पुराचं विधान जादा खर्चाला दुसरं कारण देतं, म्हणून दावा लुळा पडतो. बरोबर पर्याय ते कारण बाजूला सारतो. शेजारच्या, तसाच पाऊस असलेल्या शहरानं वेगळी पद्धत वापरली आणि तिथं अंदाज-खर्च जुळले, असा पर्याय असता तर तोही चालला असता.

तेव्हापासून मी पर्याय हातानं झाकते. आधी निष्कर्ष शोधते आणि वहीत मराठीत एकच ओळ लिहिते: 'हे दुसऱ्या कशामुळं झालं असेल का?' मगच हात काढते. दिलेलं विधान खरं की खोटं, याच्या फंदात पडायचं नाही. ते खरंच धरायचं. 'इतर शहरांनाही पैसा पुरत नाही' असले पर्याय आपल्याला कितीही जिव्हाळ्याचे वाटले, तरी त्या निष्कर्षाला ते शिवतही नाहीत.

टक्केवारी दिसली की मात्र थांबा. 'एकूण खर्चातला पगारावरचा वाटा 40 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेला' हा पगारवाढीचा पुरावा वाटतो. पण एकूण खर्च 100 कोटींवरून 80 कोटींवर आला आणि पगार 40 कोटीच राहिले, तरी वाटा 50 टक्केच येतो. पगारावरचे रुपये प्रत्यक्ष वाढले, असं सांगणारा पर्याय असेल तर तो घ्या.