धरणातले मासे नोंदवायचे, तर आधी जाळ्याचा आस मोजा

धरणातल्या माशांची यादी करायला काठावर गेलं की मी आधी विचारतो, "दादा, जाळं कोणतं होतं?" मासे नंतर. तरंगतं जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं असतं. ज्याचं डोकं आसात, म्हणजे जाळ्याच्या एका छिद्रात, शिरतं पण अंग शिरत नाही, असाच मासा त्यात कल्ल्यांपाशी अडकतो. लहान आरपार जातो, फार मोठा धडकून माघारी फिरतो. त्यामुळे एकाच आसाच्या जाळ्यावरून केलेल्या यादीत धरण अर्धंसुद्धा येत नाही.

आस मोजताना जाळं ओलं असू द्या. सलग 10 आस एका ओळीत ताणून धरा, गाठीपासून गाठीपर्यंत मिलिमीटरमध्ये माप घ्या आणि 10 ने भागा. काहीजण आसाची एकच बाजू सांगतात, ती ताणलेल्या मापाच्या निम्मी भरते. दोन्ही मापं एकाच रकान्यात गेली की पुढचा सगळा हिशेब चुकतो, म्हणून मी स्वतः मोजल्याशिवाय आकडा लिहीत नाही.

मग बाकीची साधनं बघा. काठच्या उथळ पाण्यातल्या बारीक जाती पागात, म्हणजे फेकजाळ्यात, येतात. वाम अंगानं सापासारखी, आसातून सहज निसटते. तिच्यासाठी तळाशी लावलेली दावण, म्हणजे ओळीनं गळ बांधलेली लांब दोरी, आणि गांडुळाचा गळ. मरळ पाणवनस्पतींत दबा धरून बसते, तीही गळालाच लागते. शिंगाळ्याचं मात्र वेगळं आहे. त्याच्या परांचे काटे धाग्यात गुंततात, त्यामुळे आस अंगाच्या मानानं मोठा असला तरी तो सापडतो. शिंगाळ्यांच्या लांबीवरून आसाबद्दल अंदाज बांधू नका.

कटला, रोहू, मृगळ ओळखताना तोंड बघा. कटल्याचं डोकं मोठं, खालचा जबडा वर वळलेला. तो वरच्या थरात खातो. रोहूचे ओठ जाड आणि झालरीचे. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला, तळ चाळायला सोयीचं. पिल्लांत हा फरक पुसट असतो. शंका असेल तर बाजूनं फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा आणि त्या ओळीत जातीचं नाव लिहू नका. खोटं नाव यादीत एकदा शिरलं की काढणं फार अवघड जातं, याची मला खरंच काळजी वाटते.

प्रत्येक खेपेला लिहा: साधन, आस, जाळ्याची लांबी, किती खोलीवर, कधी लावलं, कधी काढलं. त्यापुढे जातवार नग आणि वजन. वजन 100 मीटर जाळ्यामागे एका रात्रीचं काढलं की दोन जाळ्यांची तुलना होते, पण आस सारखा असेल तरच. गळाचा हिशेब वेगळा, शंभर गळांमागे.

रिकामं आलेलं जाळंही याच वहीत येतं, नगांच्या जागी 0 घालून. कोळी दादा ते आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.