सरळ चेंडूवर पायचीत: पुतण्याचा पाय कसा मोकळा केला

आम्ही वडोदऱ्याचे. पुतण्या सरळ चेंडूवर सारखा पायचीत (स्टंपांवर जाणारा चेंडू बॅटऐवजी पायाला लागून बाद) व्हायचा. सगळे सांगत, "बॅट सरळ आण." पण दोष बॅटचा नव्हताच! डोकं ऑफकडे, म्हणजे फलंदाजाच्या तोंडासमोरच्या बाजूला, कलायचं, त्यामागोमाग पुढचा पाय ऑफ स्टंपसमोर आडवा पडायचा आणि बॅटला पॅडला वळसा घालून यावं लागायचं.  बॅटला होणारा तेवढा उशीरही पायचीत व्हायला पुरतो.

मी ऑफ स्टंपच्या रेषेत, पाय पडायचा तिथे, जुना बूट ठेवला. पाय त्याच्या आतल्या बाजूला, चवडा गोलंदाजाकडे उघडा. जवळून हातानं चेंडू टाकले. मारायचे फक्त गोलंदाज ते मिड-ऑन (गोलंदाजाजवळची, ऑफच्या उलट बाजूची जागा) या पट्ट्यात.

"काका, आता पॅड मधे येतच नाही," तो म्हणाला. दमला की डोकं अजून कलतं, तेव्हा मी सराव थांबवतो.